अपस्मार आणि वाहनचालन : एका सहीचा प्रश्न

वार्षिक अहवालात संस्थेच्या जमाखर्चाबरोबरच एखाद्या आजाराविषयी माहितीपर लेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी आम्ही अपस्मार हा विषय निवडला आहे. आपल्या भागात या आजाराला कोणी फिट म्हणतात, कोणी आकडी, कोणी फेफरे, तर कोणी मिरगी. त्याची कारणे व उपचार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अपस्मार असलेल्या व्यक्तीने वाहन चालवावे की नाही, हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात आम्हांला वारंवार विचारला जात असूनही त्याविषयी मराठीत फारसे वाचावयास मिळत नाही. म्हणून या एकाच बाजूविषयी येथे विस्ताराने लिहीत आहोत.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातील एक तरुण मोठ्या भावाला घेऊन आमच्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) भावाभावांनी कर्ज काढून प्रवासी जीप घेतली होती. धाकट्याला व्यावसायिक वाहनाचा परवाना हवा होता आणि त्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर डॉक्टरांची सही हवी होती. अडचण एवढीच, की हा तरुण आमच्याच अपस्माराच्या नोंदवहीतला रुग्ण होता. गोळ्या नियमित चालू होत्या व दीड वर्षात एकदाही फिट आलेली नव्हती. भाऊ हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता तो बरा आहे. तुम्ही सही केली नाही, तर जीप दारात उभी राहील आणि हप्ता मात्र थांबणार नाही."

आम्ही सही नाकारली. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. मात्र ती ज्या रीतीने नाकारली, तिच्याविषयी आज आम्हांला खेद वाटतो. रांगेतल्या इतर रुग्णांसमोर, दोन वाक्यांत आम्ही नकार दिला आणि पुढचा रुग्ण बोलाविला. त्यानंतर तो तरुण औषधासाठी येईनासा झाला. पुढे कळले ते असे : परवान्याविनाच तो जीप चालवू लागला. आपला आजार आमच्या दप्तरी नोंदलेला आहे आणि इथे दिसलो तर बोभाटा होईल, या भीतीने त्याने गोळ्याही सोडल्या. पौष पौर्णिमेला म्हसा येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत रात्रंदिवस फेऱ्या करून, दोन रात्रींचे जागरण झालेले असताना, पहाटे त्याला चाकावरच फिट आली. सुदैवाने जीप रिकामी होती व रस्त्याकडेच्या भातखाचरात उतरून थांबली. त्याचा खांदा मोडला, जीव वाचला. त्याच जीपमध्ये तासाभरापूर्वी यात्रेकरू बसलेले होते.

या प्रसंगाने आम्हांला एक धडा दिला. सही नाकारणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. परंतु सहीबरोबर माणूसही दुरावला, तर रस्त्यावरचा धोका कमी न होता वाढतो.

फिट म्हणजे नेमके काय?

मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युतलहरींच्या साहाय्याने एकमेकींशी व्यवहार करतात. काही क्षण या लहरी अनियंत्रितपणे उसळल्या, की फिट येते. अशा फिट विनाकारण पुनःपुन्हा येण्याच्या प्रवृत्तीला अपस्मार म्हणतात. चरकसंहितेत या आजाराचे निदान व चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत, आणि स्मृती हरपणे हा अर्थ या नावातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त जीवन जगू शकतात.

जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, बालपणीचा मेंदूज्वर, डोक्याला मार, पक्षाघात, अतिमद्यपान अशी अनेक कारणे यामागे असू शकतात. आपल्या देशात आणखी एक कारण बरेचदा आढळते, ते म्हणजे मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्या. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून या कृमीची अंडी पाण्यात व भाजीपाल्यावर येतात. त्यामुळे मांस न खाणाऱ्यालाही हा विकार होऊ शकतो. शौचालयाचा वापर, हात धुणे आणि भाज्या स्वच्छ धुऊन घेणे ही त्यावरची साधी प्रतिबंधक उपाययोजना आहे. पुष्कळ रुग्णांत मात्र कोणतेही कारण सापडत नाही. बाहेरची बाधा, शाप किंवा पूर्वजन्मीचे पाप यांचा या आजाराशी काहीही संबंध नाही, आणि तो स्पर्शाने पसरत नाही.

वाहनाच्या दृष्टीने फिटचे प्रकार समजून घेणे आवश्यक आहे. हातपाय आखडून झटके येणारी मोठी फिट सर्वांना ओळखू येते. परंतु काही फिटमध्ये माणूस खाली पडत नाही. तो काही क्षण शून्यात पाहतो, ओठ चावल्यासारखे करतो, हातांची निरर्थक चाळवाचाळव करतो आणि हाकेला ओ देत नाही. घरच्यांना वाटते, तंद्री लागली आहे. अशा वेळी हात चाकावर असतात, पाय दाबलेला असतो, पण समोरचे वळण मेंदूपर्यंत पोहोचत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दहा सेकंदांत सुमारे १६५ मीटर पुढे जाते. कसारा किंवा माळशेज घाटात एवढ्या अंतरात काय घडू शकते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. काहींना फिटपूर्वी पोटात गोळा येणे, विचित्र वास येणे अशी पूर्वसूचना मिळते. पण ती दर वेळी मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी गाडी बाजूला घेण्याइतका अवधी असेलच असेही नाही.

आपला परिसर आणि वाहनाची गरज

शहरातील वाचकाला वाटेल, की वाहन चालवू नका म्हटले, तर माणसाने लोकलने किंवा बसने जावे. शहापूर तालुक्यात आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्थानके आहेत, पण तेथून पाड्यापर्यंतचे अंतर कोण तोडणार? मुरबाडला तर रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही. डोळखांब, किन्हवली, धसई, टोकावडे या भागांतील अनेक वाड्या-पाड्यांसाठी एस.टी.ची फेरी चुकली, की काळी-पिवळी जीप किंवा शेजाऱ्याची मोटारसायकल एवढाच आधार उरतो. दूध डेअरीला घालणे, भाजी कल्याणच्या बाजारात नेणे, वीटभट्टीवर किंवा कारखान्यात पाळीला पोहोचणे, अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात आणणे, ही सारी कामे घरातील दुचाकीवर चालतात. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून वेगवान रहदारीचा आणखी एक मार्ग गेला. चालक म्हणून नोकरी हा येथील तरुणांना जवळचा वाटणारा रोजगार आहे. म्हणून येथे परवाना नाकारणे म्हणजे पुष्कळदा पोटावर पाय येणे होय. हे ध्यानात घेतल्याशिवाय दिलेला वैद्यकीय सल्ला रुग्णाच्या गळी उतरत नाही.

कायदा काय सांगतो?

वाहन परवान्यासाठी अर्ज करताना प्रत्येकाला शारीरिक योग्यतेविषयी स्वयंघोषणा द्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील या नमुना क्रमांक १ मधील पहिलाच प्रश्न, आपल्याला अपस्मार आहे का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे वा भोवळ येण्याचे झटके येतात का, असा आहे. व्यावसायिक वाहनासाठी व वयाच्या चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ लागतो. त्यातही डॉक्टरांना अपस्माराविषयी विचारले आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८ प्रमाणे, अर्जदाराच्या आजारामुळे लोकांना धोका संभवत असेल, तर शिकाऊ परवाना नाकारला जातो. परवाना मिळाल्यानंतर आजार उद्भवला, तर कलम १६ अन्वये प्रमाणपत्र मागविण्याचा किंवा परवाना रद्द करण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्यास आहे. आपल्या आजारामुळे धोका आहे हे माहीत असूनही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविणे हा कलम १८६ खाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पहिल्या वेळी एक हजार व त्यानंतर दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघातात कोणी दगावले, तर प्रकरण अर्थातच याहून फार गंभीर होते.

येथे एक गोष्ट लक्षात येईल. अर्जातील प्रश्नाला "होय" किंवा "नाही" एवढीच उत्तरे आहेत. शेवटची फिट कालच आली की दहा वर्षांपूर्वी, औषधे नियमित चालू आहेत की नाहीत, फिट केवळ झोपेतच येते का, यांतील काहीही तेथे विचारलेले नाही. दहा वर्षे फिट न आलेला शिक्षक आणि गेल्याच आठवड्यात फिट आलेला चालक यांच्यासाठी चौकट एकच. साहजिकच अनेकजण "नाही" वर खूण करतात आणि तेव्हापासून आजार लपविणे सुरू होते.

इतर देशांत काय केले जाते?

ब्रिटनमध्ये १९७० पर्यंत अशीच सरसकट बंदी होती. आता तेथे सामान्यतः एक वर्ष फिट न आल्यास मोटार किंवा मोटारसायकल चालविता येते. मालमोटार व बस यांसाठी मात्र अट कितीतरी कडक आहे. औषधांविना दहा वर्षे फिट आलेली नसावी लागते. जपानने २००२ पासून दोन वर्षे फिटमुक्त असणाऱ्यांना परवान्याची वाट खुली केली. अमेरिकेत ही मुदत राज्यागणिक वेगळी आहे.

अशी मुदत ठेवण्यामागे वैद्यकीय कारण आहे. शेवटच्या फिटनंतर जितका काळ शांत जातो, तितकी पुढची फिट येण्याची शक्यता घटत जाते. शिवाय रुग्णापुढे एक गाठता येण्याजोगे उद्दिष्ट राहते. एक वर्ष गोळी चुकविली नाही, तर चाक हाती येईल, ही आशाच त्याला उपचारांत टिकवून धरते.

तरीही नियम करून सारे प्रश्न मिटतात असे नाही. १८ एप्रिल २०११ रोजी जपानमधील कानुमा गावी एका क्रेनवाहनाने शाळेला निघालेल्या मुलांना चिरडले. सहा मुले मृत्युमुखी पडली. चालकाला अपस्मार होता, तो त्याने लपविला होता आणि त्या वेळी गोळी घेतलेली नव्हती. त्यानंतर त्या देशात कायदे कडक झाले व आजाराविषयी खोटी माहिती देणे दंडनीय ठरले. कानुमा आणि म्हसा यांत हजारो मैलांचे अंतर आहे, परंतु दोन्हीकडे कारणे तीच दिसतात : लपविलेला आजार आणि न घेतलेली गोळी. आपल्याकडच्या चालकाच्या बाबतीत त्यांत जागरणाची भर पडली होती.

आपल्या देशातही फिटमुक्त काळाचा विचार करणारा नियम व्हावा, असे आमचे मत आहे. असा बदल कायदेमंडळाने व शासनाने करावयाचा आहे. १९९९ साली विवाहविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन, अपस्मार हा विवाहास बाधा आणणारा आजार मानण्याची जुनी तरतूद रद्द झाली, हे उदाहरण आशा देणारे आहे. मात्र तोवर आहे त्या कायद्याचे पालन आम्ही करणार आणि रुग्णांनीही करावे, असाच आमचा सल्ला राहील.

आमची आजची पद्धत

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आम्ही कामाची रीत बदलली.

अपस्मार असलेल्या व्यक्तीला वाहनासाठी योग्यतेचे प्रमाणपत्र आम्ही देत नाही. ओळख, शिफारस किंवा देणगी यांपैकी कशानेही यात फरक पडत नाही. पण हा नकार आता बंद दाराआड, शांतपणे, कारणे समजावून दिला जातो. शक्य तर घरातील कर्त्या माणसाला व पत्नीला किंवा आईलाही बोलावितो, कारण पुढचा भार त्यांनाच वाहावयाचा असतो.

रुग्णाची माहिती आम्ही गुप्त ठेवतो. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर तसे बंधन घातले आहे. त्याच संहितेत, एखाद्या व्यक्तीला वा समाजाला गंभीर व निश्चित धोका असेल तर अपवाद सांगितला आहे. म्हणून प्रवासी वाहन चालविणाऱ्या रुग्णाला आम्ही आधीच स्पष्ट सांगतो, की आमचे मौन कोठपर्यंत असेल. त्याला न सांगता त्याच्यामागे काही करणे आम्हांला योग्य वाटत नाही.

प्रत्येक रुग्णाला फिटची वही देतो. फिट कधी आली, किती वेळ टिकली, आदल्या रात्री झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, याची नोंद घरच्यांनी ठेवावयाची. लिहिता न येणाऱ्यांसाठी दिनदर्शिकेवर फुली मारली तरी चालते. औषध घेण्यासाठी रुग्णाऐवजी नातेवाईक आला तरी चालतो.

शेवटची बाब रोजगाराची. आमच्या समाजसेविका रुग्णाच्या घरच्यांशी बोलून पर्यायी काम शोधण्यास मदत करतात. वर उल्लेखिलेला तरुण उपचारांत परत आला. जीप आता त्याचा मोठा भाऊ चालवितो, आणि हा जीपथांब्यावर गाड्यांचे नंबर लावतो व हिशेब ठेवतो. मिळकत पूर्वीपेक्षा थोडी कमी आहे. गोळ्या मात्र एकदाही चुकलेल्या नाहीत.

कुटुंबीयांसाठी

१. डॉक्टरांना वाहनाविषयी खरे सांगा. "घरची मोटारसायकल कोण चालवितो?" या प्रश्नाचे उत्तर औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. ट्रॅक्टर व मळणीयंत्राच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी.

२. गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्यास लागोपाठ फिट येऊन प्राणावर बेतू शकते. साधारणतः किमान दोन वर्षे फिट न आल्यास डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात, आणि तेही टप्प्याटप्प्याने. त्या काळात फिट परत येण्याचा संभव वाढतो.

३. जागरण, मद्य, उपासमार व ताप ही फिटला निमंत्रणे आहेत. यात्रा, लग्नसराई व भातझोडणीच्या दिवसांत विशेष जपावे.

४. विहीर, नदी, तलाव येथे एकट्याने जाऊ देऊ नये. चुलीपाशी काम करताना कोणीतरी जवळ असावे.

५. मोठी फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, कपडे सैल करा. तोंडात चमचा, पाणी वा बोट घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याने काही साधत नाही. हातपाय दाबून धरू नका. फिट पाच मिनिटांत न थांबल्यास किंवा लागोपाठ आल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

६. पहिलीच फिट आली असेल, तर तपासणी होईपर्यंत वाहनाची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

दात्यांस व विश्वस्तांस

अपस्माराची मूळ औषधे महाग नाहीत. फिनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरात असलेले औषध आजही अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहे. शासकीय आरोग्य केंद्रांतूनही औषधे मिळतात. तरी गोळी महिनोन्महिने न चुकता हातात पडणे हीच मोठी अडचण असते. एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन वाहने बदलून रुग्ण येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अपस्माराचे स्वतंत्र नाव नाही. वाहन चालविता येत नाही, आणि केवळ या आजारामुळे दिव्यांगाची प्रवास-सवलतही सहसा हाती पडत नाही, अशी त्याची दुहेरी कोंडी होते.

म्हणून आपल्या देणगीतून आम्ही तीन गोष्टींना अग्रक्रम देऊ इच्छितो : गरीब रुग्णांना दोन महिन्यांची औषधे एकाच वेळी देणे, दूरच्या पाड्यांवरून येणाऱ्यांचे प्रवासभाडे, आणि समाजसेविकेचे मानधन. यांतील शेवटची बाब दात्यांना इमारतीइतकी किंवा यंत्राइतकी डोळ्यांत भरत नाही. परंतु नकार ऐकून खिन्न मनाने निघालेल्या तरुणाला फाटकापाशी थांबविणारी आणि पुढच्या तारखेला पुन्हा बोलाविणारी व्यक्ती तीच असते.

उद्या कोणी असा कागद घेऊन आमच्याकडे आला, तर आम्ही सही करणार नाही. त्याला बसावयास खुर्ची मात्र देऊ, आणि शेवटची फिट कधी आली होती हे विचारू.